पैसे निघाले, वस्तू यायची आहे: मधल्या वेळात पैसे कुणाकडे असतात?

माझी मावशी दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते. दोन वर्षांपूर्वी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर एक मोठी ऑर्डर आली: चार किलो चकली आणि दोन किलो शंकरपाळे, मिळून ३,२०० रुपये. गिऱ्हाइकाने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला. हिरवी खूण, रक्कम, तारीख, मावशीचं नाव, सगळं जागच्या जागी. डबे न्यायला माणूस आला, तिने दिले. बँकेचा मेसेज आला नव्हता, पण तळणीच्या गडबडीत तो बघणार कोण? रात्री हिशेब लिहायला बसल्यावर कळलं की पैसे आलेच नव्हते. स्क्रीनशॉट बनावट होता.

त्याच सुमारास ओळखीतल्या एका मुलीने इन्स्टाग्रामवर साडी पसंत केली, विक्रेत्याने दिलेल्या मोबाइल नंबरवर यूपीआयने पैसे पाठवले, आणि दुसऱ्या दिवशी ते पानच गायब झालं.

एकीचा माल गेला, दुसरीचे पैसे. दोन्हीकडे उणीव एकच होती, की मध्ये कोणी नव्हतं. म्हणून कुणी नवीन माणूस मला ‘कोणतं अ‍ॅप चांगलं?’ असं विचारतो, तेव्हा मी त्याला आधी एक वेगळा प्रश्न स्वतःला विचारायला सांगते. खरेदीदाराच्या खात्यातून पैसे निघाल्यापासून वस्तू हातात पडेपर्यंत ते पैसे कुणाच्या ताब्यात असतात, आणि काही बिनसलं तर ते परत फिरवणं कुणाला शक्य आहे? अ‍ॅपचं नाव, कॅशबॅक, रंगीत कार्ड हे सगळं त्यानंतर.

आधी मार्ग ओळखून घ्या

यूपीआय आपल्या सगळ्यांच्या सवयीचं आहे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने, म्हणजे एनपीसीआयने, ते २०१६ मध्ये आणलं. ते कच्चं आहे असं कुणी म्हणत असेल तर त्यात तथ्य नाही. पैसे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत थेट जातात आणि तुम्ही मंजुरी दिल्याशिवाय जात नाहीत. पण अनोळखी माणसाच्या बाबतीत हा थेटपणाच अडचणीचा ठरतो. कुणाच्या वैयक्तिक नंबरवर यूपीआय करणं म्हणजे त्याच्या हातात नोटा ठेवणं. पाठवलेले पैसे परत ओढून घेण्याचं बटण त्यात नाही. बँकेतून बँकेत पैसे पाठवायचे दुसरे मार्ग, आयएमपीएस आणि एनईएफटी, त्यांचंही तेच. भाजीवाल्या काकांना, शेजारच्या ताईंना, दहा वर्षं माल घेत असलेल्या दुकानदाराला हा मार्ग उत्तम.

कार्डाचा मार्ग वेगळा आहे. वस्तू आली नाही, किंवा भलतीच आली आणि विक्रेता दाद देत नसेल, तर तुम्ही कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार करू शकता. बँक ती व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्या जाळ्यातून विक्रेत्याच्या बँकेपर्यंत नेते आणि विक्रेत्याला माल पोचल्याचा पुरावा द्यावा लागतो. याला चार्जबॅक म्हणतात. त्याला मुदत असते, म्हणून ‘उद्या येईल, परवा येईल’ करत महिने घालवू नका. क्रेडिट कार्ड असेल तर आणखी एक फायदा: वाद चालू असताना अडकलेले पैसे तुमच्या बचत खात्यातले नसतात.

तिसरा मार्ग मध्यस्थाचा. अ‍ॅमेझॉन किंवा फ्लिपकार्टसारख्या बाजारपेठेत तुम्ही दिलेले पैसे लगेच विक्रेत्याच्या खिशात जात नाहीत. माल पोचल्यावर, ठरलेल्या दिवसांनी, कमिशन कापून त्याला मिळतात. एखाद्या छोट्या दुकानाच्या स्वतःच्या साइटवर पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घ्यायची सोय, असेल, तर तिथेही मध्ये एक कंपनी उभी असते, तिला पेमेंट अ‍ॅग्रिगेटर म्हणतात. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण विक्रेत्यांचे सगळ्यात जास्त प्रश्न तिथेच असतात.

आणि शेवटचा मार्ग, वस्तू दारात आल्यावर पैसे. आपल्याकडे यावर अजून फार विश्वास आहे, आणि तो चुकीचा नाही. फक्त एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही, की पैसे तुम्ही खोक्याचे देता, आतल्या वस्तूचे नाही. डिलिव्हरीवाल्यासमोर खोकं उघडून बघायची सोय असेल तर ती जरूर घ्या. नसेल तर उघडताना व्हिडिओ काढा. घरात कुणी न मागवलेलं पार्सल ‘घेऊन ठेवा, हजारच रुपये आहेत’ म्हणून आलं, तर घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा की पैसे देऊन ते घ्यायचं नाही.

खरेदी करणाऱ्यांसाठी

माझा स्वतःचा क्रम असा आहे. साइट पहिल्यांदाच वापरत असेन तर क्रेडिट कार्ड किंवा दारात पैसे. साइट ओळखीची असेल तर तिच्याच पेमेंटच्या पानावरून यूपीआय. ‘ताई, साइटवर प्रॉब्लेम आहे, या नंबरवर टाका’ असं कुणी म्हटलं, की मी तिथेच थांबते. बाजारपेठेच्या बाहेर पैसे दिले की तिचं संरक्षणही बाहेरच राहतं.

पैसे देण्याआधी साइटच्या तळाशी जा. ई-कॉमर्ससाठी २०२० मध्ये झालेल्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार विकणाऱ्या साइटने स्वतःचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव दाखवायला हवं. त्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. जिथे फक्त एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर आणि ‘७० टक्के सूट’ दिसते, तिथे तक्रार नेणार कुठे? ब्राउझरमधल्या कुलपाच्या चित्रावरही विसंबू नका. तुमची माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही, एवढंच ते सांगतं. समोरचा प्रामाणिक आहे की नाही हे त्या कुलपाला माहीत नसतं. बनावट साइटलाही ते मिळतं.

यूपीआय करताना पिन टाकण्याआधी स्क्रीनवर नाव येतं, तिथे दोन सेकंद थांबा. २०२५ च्या मध्यापासून अ‍ॅपमध्ये खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवणं एनपीसीआयने बंधनकारक केलं आहे. तुमच्या फोनमध्ये तुम्ही ‘साडीवाल्या ताई’ असं काही लिहून ठेवलं असलं, तरी खरं नाव समोर येतं. दुकानाचं नाव एक आणि खातं भलत्याच राज्यातल्या, भलत्याच माणसाचं असेल तर पैसे पाठवू नका.

कार्डाबद्दल दोन कामं आजच करून टाका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करता येतात आणि मर्यादा ठरवता येते. परदेशी खरेदी करत नसाल तर ते बंद ठेवा. ऑनलाइन मर्यादा महिन्याच्या गरजेइतकीच ठेवा. दुसरं, १ ऑक्टोबर २०२२ पासून कोणतंही दुकान तुमचा पूर्ण कार्ड नंबर साठवून ठेवू शकत नाही. त्याजागी टोकन, म्हणजे एक सांकेतिक क्रमांक असतो, जो त्या एका दुकानापुरताच चालतो. त्यामुळे ‘कार्ड सेव्ह करू का?’ या प्रश्नाला मोठ्या, ओळखीच्या साइटवर हो म्हणायला हरकत नाही. पण कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागणारा कोणीही असो, बँकेचं नाव घेणारा का असेना, त्याला तो द्यायचा नाही.

आणि शक्य असेल तर ऑनलाइन खर्चासाठी एक वेगळं बचत खातं ठेवा, त्यात चार-पाच हजारांपेक्षा जास्त न ठेवता. मुदत ठेवी, पगार, पेन्शन असलेलं खातं यूपीआयला जोडायची गरज नसते. माझ्या बाबांना मी हे करून दिलं, तेव्हापासून ते फोनवर निर्धास्तपणे खरेदी करतात.

विकणाऱ्यांसाठी

बचत गटातल्या बायका, घरून पापड-लोणची विकणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, अशा बहुतेक जणींची सुरुवात स्वतःच्या वैयक्तिक क्यूआर कोडने होते. महिन्याला पाच-दहा ओळखीच्या ऑर्डरी असतील तर ते चालतं. धंदा वाढला की त्याच्या पुढे जायला हवं, आणि पहिली गोष्ट म्हणजे धंद्याचं खातं वेगळं काढायचं.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते? तुम्ही प्रामाणिकपणे माल विकला, पण गिऱ्हाइकाने दिलेले पैसे दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीतून आलेले निघाले, तर तपासात ते पैसे जिथे जिथे गेले त्या खात्यांवर स्थगिती येऊ शकते, म्हणजे पैसे काढता येत नाहीत. कधी तेवढ्याच रकमेवर, कधी पूर्ण खात्यावर. खातं एकच असेल तर मुलांची फी, किराणा, कर्जाचा हप्ता सगळं अडतं. खातं वेगळं असेल आणि बिल, कुरिअरची पावती, गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं जपून ठेवलं असेल, तर बँकेला आणि पोलिसांना पटवून देता येतं. म्हणून ५०० रुपयांच्या ऑर्डरीलाही साधं का होईना, नंबर घातलेलं बिल करा.

पुढची पायरी दुकानाचा, म्हणजे मर्चंट, क्यूआर कोड. त्यात गिऱ्हाइकाला दुकानाचं नाव दिसतं, तुम्हाला दिवसाचा हिशेब मिळतो. पैसे आल्याचं मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स हवा असेल तर त्याचं भाडं आधी विचारा.

स्वतःची साइट काढायची असेल, किंवा अनोळखी गिऱ्हाइकांना पेमेंटची लिंक पाठवायची असेल, तर पेमेंट अ‍ॅग्रिगेटर लागतो. रेझरपे, कॅशफ्री ही त्यातली परिचित नावं. गिऱ्हाइकाकडून कार्ड, यूपीआय, नेट बँकिंग असं सगळ्या मार्गांनी पैसे गोळा करून ते तुमच्या खात्यात देणं हे या कंपन्यांचं काम. या कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये नियम आणले, आणि त्यातल्या दोन अटी विक्रेत्याने समजून घ्याव्यात अशा आहेत. एक, गोळा झालेले पैसे कंपनीच्या स्वतःच्या पैशात मिसळत नाहीत. ते शेड्यूल्ड, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या, बँकेतल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे त्यासाठीच वेगळ्या ठेवलेल्या खात्यात, राहतात. दोन, कंपनीला रिझर्व्ह बँकेची मान्यता लागते आणि अर्ज करतानाच तिची निव्वळ मालमत्ता किमान १५ कोटी रुपये असावी लागते, पुढे ती २५ कोटींपर्यंत न्यावी लागते. म्हणजे कालपरवा कुणी उघडलेल्या ‘पेमेंट सर्व्हिस’ला हा धंदा करता येत नाही. मान्यता मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते. कंपनीच्या जाहिरातीतलं ‘मान्यताप्राप्त’ वाचून थांबू नका, ती यादी उघडून नाव शोधा.

यादीत दोन-तीन नावं सापडली की मग तुलना. विक्री प्रतिनिधीला पुढच्या गोष्टी विचारा, आणि उत्तर ईमेलवर लेखी मागा:

- पैसे माझ्या खात्यात किती दिवसांनी येतील? सुट्टीच्या दिवशी काय?
- प्रत्येक मार्गाचं शुल्क किती, वर जीएसटी किती, आणि वर्षाचं काही वेगळं आहे का?
- मी गिऱ्हाइकाला पैसे परत केले तर कापलेलं शुल्क मला परत मिळतं का?
- कोणत्या कारणाने तुम्ही माझे पैसे रोखून धरू शकता, आणि किती काळ?
- अडचण आली तर फोन उचलणारं माणूस आहे का?

शुल्काचा हिशेब कागदावर करून बघा. २ टक्के शुल्क असेल तर १,००० रुपयांच्या ऑर्डरीवर २० रुपये, त्या २० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३ रुपये ६० पैसे. हातात येतात ९७६ रुपये ४० पैसे. फराळाच्या डब्यात नफाच शंभर-सव्वाशे असेल तर हे २३ रुपये लहान नाहीत. किंमत ठरवतानाच ते धरा. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून कापलं जाणारं शुल्क, शून्य आहे. तरी काही सेवा त्याच व्यवहारावर स्वतःचं प्लॅटफॉर्म शुल्क लावतात. ते ओळीत कुठेतरी बारीक अक्षरात असतं, ते शोधा.

माझ्या मते शुल्कातल्या पाव टक्क्यापेक्षा चौथा आणि पाचवा प्रश्न जास्त महत्त्वाचा. माझ्याच एका मैत्रिणीचे पैसे एका कंपनीने ऐन सणात तीन आठवडे ‘तपासणीसाठी’ रोखले. चूक तिचीही होती, साइटवर तिने परतीचं धोरणच लिहिलं नव्हतं. पण त्या तीन आठवड्यांत तिला एकदाही माणसाशी बोलता आलं नाही, आणि कच्च्या मालाचे पैसे उधार आणावे लागले. परतीचं धोरण, पत्ता, फोन नंबर आणि माल किती दिवसांत पोचेल हे साइटवर पहिल्या दिवसापासून लिहा. अशा कंपनीकडे नोंदणीला साधारणपणे पॅन, बँक खात्याचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. ‘नोंदणी फी आधी माझ्या नंबरवर टाका’ म्हणणारा प्रतिनिधी खरा नसतो.

पैसे आले म्हणजे नक्की काय

विक्रेत्यांची सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. पैसे आले याचा पुरावा एकच: तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा दुकानाच्या पेमेंट अ‍ॅपमध्ये दिसणारी जमेची नोंद. गिऱ्हाइकाचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला ‘क्रेडिटेड’ असा मेसेजही नव्हे.

पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. हे वाक्य दुकानात भिंतीवर लिहून ठेवा. जुना फ्रिज विकायला काढला की स्वतःला सैन्यातला म्हणवणारा कुणीतरी फोन करतो, घासाघीस न करता किंमत मान्य करतो आणि ‘हा क्यूआर स्कॅन करा, पैसे जमा होतील’ म्हणतो. स्कॅन करून पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पैशांची मागणी पाठवण्याची यूपीआयमधली सोय एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. क्यूआर कोडचा डाव मात्र त्याने बंद होत नाही.

आणखी एक प्रकार: ‘चुकून दोन हजारांऐवजी वीस हजार आले, बाकीचे या दुसऱ्या नंबरवर पाठवा.’ आधी खात्यात खरंच वीस हजार आलेत का ते बघा. बहुधा काहीच आलेलं नसतं. आलेच असतील, तर दुसऱ्या नंबरवर एक रुपयाही पाठवू नका, बँकेला कळवा. रिफंडसाठीही हाच नियम ठेवा, पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने, त्याच खात्यात परत.

परदेशातून ऑर्डर आली तर

अमेरिका, इंग्लंड, दुबईतली आपली माणसं दिवाळीच्या आधी फराळ मागवतात, आणि हा धंदा चांगला आहे. पेपाल या परदेशी ऑनलाइन पेमेंट कंपनीने भारतातल्या भारतातले व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले, पण परदेशातून पैसे घ्यायला ते चालतं. काही भारतीय पेमेंट अ‍ॅग्रिगेटरही परदेशी कार्ड घेतात. इथे शुल्क देशी व्यवहारापेक्षा बरंच जास्त पडतं आणि चलन बदलण्याच्या दरातही काही जातं, म्हणून दोन्ही मिळून हिशेब करा. पैसे कशासाठी आले याचा कोड निवडावा लागतो. मालाच्या विक्रीचा तोच निवडा. गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरी ‘मित्र आणि कुटुंब’ या प्रकाराने पैसे घेऊ नका. त्यात खरेदीदाराचं संरक्षण जातं, आणि धंद्याचे पैसे घरगुती म्हणून दाखवल्याने तुमचं खातं अडचणीत येऊ शकतं.

तरीही बिघडलंच तर

पैसे कापले गेले पण ऑर्डर लागली नाही, ही फसवणूक नसते, बहुधा मध्येच तुटलेला व्यवहार असतो. घाबरून पुन्हा पैसे भरू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार दुकानाला केलेला असा व्यवहार पाच दिवसांत आपोआप उलटायला हवा. व्यक्तीला पाठवलेले यूपीआयचे पैसे दुसऱ्याच दिवशी. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा आणि अ‍ॅपमधूनच तक्रार नोंदवा. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळालेल्या नंबरला फोन करू नका, त्यातले पुष्कळ ठगांनीच टाकलेले असतात. नंबर घ्यायचा तो कार्डाच्या पाठीवरून किंवा बँकेच्या संकेतस्थळावरून. बँकांचे पत्ते आता ‘डॉट बँक डॉट इन’ असे संपतात.

फसवणूक झाली असेल तर लाज, ओरडा, घरात कसं सांगू, हे सगळं बाजूला ठेवून लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. पैसे चोरांच्या एका खात्यातून दुसऱ्यात सरकायला वेळ लागत नाही, आणि वाटेत ते सापडले तरच रोखता येतात. मग बँकेला कळवा. तुमच्या नकळत व्यवहार झाला असेल, चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर २०१७ च्या नियमाने तुमच्यावर भार येत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर मर्यादित भार येतो. पण ओटीपी तुम्ही सांगितला असेल, पिन तुम्ही टाकला असेल, तर हे कवच मिळणं फार अवघड. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी नाही. विक्रेत्याबद्दलची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

मावशी आता ऑर्डर घेताना प्रत्येकाला एकच मजकूर पाठवते. मी तिला लिहून दिला होता, तिने त्यात स्वतःची शेवटची ओळ घातली. हवा असेल तर तुम्हीही वापरा:

‘नमस्कार. ऑर्डर मिळाली. एकूण रक्कम आणि दुकानाचा क्यूआर सोबत पाठवत आहे. निम्मी रक्कम आगाऊ, बाकीची डबे न्यायच्या आधी. स्क्रीनशॉट पाठवायची गरज नाही, रक्कम आमच्या खात्यात दिसली की आम्हीच कळवू आणि बिल पाठवू. ऑर्डर रद्द झाल्यास पैसे ज्या खात्यातून आले त्यातच परत जातील. भाजणी भिजवल्यावर मात्र रद्द करता येणार नाही.’